अमेरिकेत टॅन्फची रोख मदत कापली गेल्यास स्नॅपच्या पात्रतेवर होणारा परिणाम

मुले असलेल्या गरजू कुटुंबांना मिळणारी टॅन्फची रोख मदत आणि अन्नखर्चासाठी मिळणारे स्नॅप या अमेरिकेतील दोन स्वतंत्र योजना आहेत, पण पुष्कळ राज्यांत दोन्हींचे काम एकाच कार्यालयात आणि एकाच अर्जावर चालते. म्हणून टॅन्फ बंद झाल्याचे पत्र आले की स्नॅपही गेले, असे समजून काही कुटुंबे पुढची चौकशीच करत नाहीत. प्रत्यक्षात टॅन्फ थांबले एवढ्याच कारणाने स्नॅप बंद करता येत नाही. कपात कोणत्या कारणाने झाली, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

कामाची अट न पाळणे किंवा मुलांच्या पोटगीच्या वसुलीत सहकार्य न करणे, अशा कारणांसाठी टॅन्फमध्ये दंडात्मक कपात होते. १९९६ च्या कल्याण सुधारणा कायद्यानंतर अशा कपातीमुळे उत्पन्न घटले तरी त्या कारणाने स्नॅप वाढवता येत नाही. एरवी स्नॅपच्या हिशेबात निव्वळ उत्पन्नाचा, म्हणजे ठरलेल्या वजावटींनंतर उरणाऱ्या उत्पन्नाचा, ३० टक्के भाग कुटुंब अन्नावर खर्च करील असे धरतात आणि तेवढी रक्कम स्नॅपच्या कमाल रकमेतून वजा करतात. त्यामुळे टॅन्फ ४०० डॉलरवरून ३०० वर आले, तर स्नॅप साधारण ३० डॉलरने वाढायला हवे. दंडात्मक कपातीत मात्र जुनेच ४०० डॉलर मिळत असल्यासारखा हिशेब होतो. याशिवाय राज्याची इच्छा असेल तर ते कुटुंबाचे स्नॅप २५ टक्क्यांपर्यंत कमी करू शकते, किंवा अट मोडणाऱ्या व्यक्तीला स्नॅपमधूनही अपात्र ठरवू शकते. ही अपात्रता त्या एकाच व्यक्तीपुरती असते. टॅन्फ संपूर्ण कुटुंबाचे बंद झाले असले, तरी मुलांना त्या कारणाने स्नॅपमधून वगळता येत नाही.

कामाच्या अटीबाबत आणखी एक नियम आहे. टॅन्फची कामाची अट मोडणाऱ्याला स्नॅपमध्येही पहिल्या वेळी किमान १ महिना, दुसऱ्या वेळी ३ आणि तिसऱ्या वेळी ६ महिने अपात्र ठरवता येते, आणि राज्ये ही मुदत वाढवू शकतात. परंतु सहा वर्षांखालील मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाला स्नॅपच्या सर्वसाधारण कामाच्या अटीतून सूट आहे. अशा पालकावर टॅन्फमध्ये दंड बसला, तरी त्या आधारावर त्याला स्नॅपच्या कामाच्या नियमाखाली अपात्र ठरवता येत नाही. ही बाब कार्यालयात स्पष्टपणे मांडावी.

स्नॅप न वाढवण्याचा नियम प्रत्येक कपातीला लागू होत नाही, आणि नोटीस वाचताना सर्वांत आधी हेच तपासावे. टॅन्फची कालमर्यादा संपली, नूतनीकरणाचा अर्ज राहून गेला, निव्वळ कागदोपत्री पूर्तता झाली नाही, किंवा सांगितलेली गोष्ट करणे त्या व्यक्तीला शक्यच नव्हते, तर तो नियम लावता येत नाही. अशा वेळी उत्पन्न घटल्याचे लगेच कळवावे, कारण स्नॅप वाढवून मिळणे हा कुटुंबाचा हक्क आहे. ‘शक्य नव्हते’ आणि ‘केले नाही’ यांतला फरक कागदांनीच सिद्ध होतो. म्हणून डॉक्टरांचे प्रमाणपत्र, पाळणाघरात जागा नसल्याचे पत्र, कामाच्या तासांच्या पावत्या आणि कार्यालयाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती टॅन्फच्या मूळ नोटिशीसोबत जोडाव्यात.

टॅन्फ पूर्ण बंद झाल्यावर त्या आधारे मिळणारी आपोआप पात्रता संपू शकते आणि मग उत्पन्नाची तपासणी नव्याने होते. त्यासाठी पगाराच्या पावत्या, घरभाडे आणि वीज-गॅसची बिले तयार ठेवावीत. काही राज्ये टॅन्फ सोडणाऱ्यांना पाच महिन्यांपर्यंत संक्रमणकालीन, म्हणजे मधल्या काळापुरते, स्नॅप देतात, पण दंडामुळे बाहेर पडलेल्यांना ते मिळत नाही.

स्नॅप कमी करण्यापूर्वी सहसा किमान १० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. त्या मुदतीत सुनावणी मागितल्यास, स्नॅप ज्या मुदतीसाठी मंजूर झाले आहे ती शिल्लक असेपर्यंत जुनी रक्कम चालू राहते. निकाल विरुद्ध गेला तर जादा मिळालेली रक्कम परत करावी लागते. ही मुदत चुकली तरी ९० दिवसांपर्यंत सुनावणी मागता येते. सुनावणीपूर्वी आपली फाईल पाहण्याचा, तसेच वकील, नातेवाईक किंवा मित्राला सोबत नेण्याचा अधिकार अर्जदाराला आहे.