वाळूतलं अक्षर कुठून आलं

लातूरकडच्या आमच्या विशेष शाळेत सकाळी परातीत बारीक वाळू पसरलेली असते आणि मुलं त्यात बोटानं अक्षरं काढतात. पाहुणे म्हणतात, "छान, मुलांचा वेळ चांगला जातो." हे ऐकलं की मला राहवत नाही. वेळ जावा म्हणून हे कुणी शोधलेलं नाही.

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत फळीवर धूळ पसरून मुळाक्षरं गिरवून घेत. 'धुळाक्षरं' हा शब्द तिथलाच. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी हाताच्या शिकण्याची पद्धतशीर मांडणी मात्र फ्रान्समध्ये सुरू झाली. १८०० साली रानात सापडलेला, न बोलणारा साधारण बारा वर्षांचा एक मुलगा ज्याँ इतार या तरुण डॉक्टरकडे आला. इतारनं त्याचं नाव व्हिक्टर ठेवलं. सुट्या अक्षरांतून 'दूध' या अर्थाचा चार अक्षरांचा फ्रेंच शब्द जुळवायला तो शिकला. शेजारच्या एका घरी त्याला नेहमी दूध मिळायचं. एकदा तिकडं जाताना त्यानं ती चार अक्षरं स्वतःहून बरोबर घेतली आणि तिथं टेबलावर मांडली. व्हिक्टर पुढं फारसा बोलू शकला नाही, म्हणून काही जण तो प्रयोग फसला असं म्हणतात. मला ते पटत नाही. आम्ही आज जे शिकवतो ते सगळं त्या टेबलावर आहे.

इतारचा शिष्य एदुआर सेगँ यानं ही वाट पुढं नेली आणि सेगँची पुस्तकं वाचूनच इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी कामाला लागल्या. १९०० च्या सुमारास रोममध्ये, 'मंद' ठरवलेल्या मुलांसाठी त्यांनी लाकडी अक्षरं करवून घेतली आणि त्यांवरून बोट फिरवायला लावलं. त्यांतली काही मुलं सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. १९०७ मध्ये त्यांच्या पहिल्या बालशाळेत त्याच अक्षरांची सँडपेपरची आवृत्ती आली, आणि पुढं ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांच्या कामातून माँटेसरींचे विचार महाराष्ट्राच्या बालवाड्यांत रुजले. आज चांगल्या बालवाडीत दिसणारी खरखरीत अक्षरं आधी आमच्या मुलांसारख्यांच्या बोटांखालून गेलेली आहेत. विशेष मुलांचं शिक्षण म्हणजे नेहमीच्या शिक्षणाची सोपी नक्कल, हा समज यासाठीच खोडून काढला पाहिजे.

जीवनकौशल्यांचा धागा भारतात थोडा वेगळा विणला गेला. अशा मुलांसाठी मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून, पुण्यात कामायनी शाळा १९६४ पासून. १९७५ मध्ये मद्रासला, मुलाला काय काय जमतं ते टिपणारी एक तपासणीसूची तयार झाली: अठरा क्षेत्रं, प्रत्येकात वीस कृती. जेवण, कपडे, संडास, वाचन, वेळ, पैसे, घरकाम हे सगळं तिच्यात एका रांगेत बसलं. भाकरी मोडून खाणं आणि अक्षर ओळखणं एकाच कागदावर आलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. १९८४ मध्ये सिकंदराबादला बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं इथं शिक्षणच मुळात उशिरा पोचलं. पण नांदेड-परभणीच्या पालकांना मुंबईपेक्षा सिकंदराबाद जवळ, तेव्हा मूल घेऊन ते रेल्वेनं तिकडंच निघतात. पुढं अपंगांच्या हक्कांचे १९९५ आणि २०१६ चे कायदे आले, हक्क कागदावर भक्कम झाले.

वर्गात अडतं ते वेगळ्याच जागी. आमच्या वसतिगृहातला एक मुलगा नळ उघडून, पेला भरून, नळ बंद करायला शिकला. सुट्टीत घरी गेला तर तिथं नळ नाही, रांजण आणि तांब्या. मुलगा तहानलेला उभा. तेव्हापासून आम्ही शाळेत रांजण ठेवला. झाकण काढणं, तांब्या बुडवणं, निथळू देणं, पेल्यात ओतणं, झाकण ठेवणं. यात शेवटची पायरी आधी शिकवतो: बाकी सगळं बाई करतात, झाकण मूल ठेवतं आणि पाणी पितं. मग हळूहळू एकेक पायरी मागं सरकायचं. ज्यांचे आईबाप दिवाळीच्या आसपास कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, त्या मुलांसाठी कोपीतली, फडावरच्या झोपडीतली घागरही आणली, कारण पाचसहा महिने त्यांचं घर तेच असतं.

वाचनाचंही तसंच. 'कमळ' आणि 'गवत' आधी येत नाहीत. 'स्त्रिया', 'पुरुष', 'थांबा', 'धोका' आणि एसटीच्या पाटीवरचं आपल्या गावाचं नाव येतं. जोडाक्षर कठीण म्हणून 'स्त्रिया' मागं ठेवता येत नाही. बसस्थानकावर मुलीला गरज त्याचीच असते. तो शब्द अक्षरं न फोडता, अख्खा, चित्रासारखा ओळखायला शिकवायचा.

पैशांच्या बाबतीत आमची चूक झाली. आम्ही नोटा रंगावरून शिकवल्या होत्या: जांभळी पन्नासची, निळसर शंभरची. २०१७ मध्ये पन्नासची नवी नोट निळी आली, २०१८ मध्ये शंभरची फिकट जांभळी. दोन्हींचे रंग जणू अदलाबदल झाले आणि जुन्या नोटाही चालूच राहिल्या. दुकानात मुलं पन्नासऐवजी शंभर देऊन येऊ लागली. आता आम्ही नोटेवरच्या आकड्यावर बोट ठेवायला लावतो, आणि तो आकडाही मुलांनी आधी वाळूत काढलेला असतो.