मीटरगेजच्या प्रतिकृती आणि छर्ऱ्यांची चाके: पार्श्वभूमी

प्रतिकृती-रेल्वेच्या छंदात दोन रुळांमध्ये ४५ मिलिमीटर अंतर असलेल्या मार्गाला जी-गेज म्हणतात. या रुळांवर १:२२.५ या प्रमाणाचे डबे चालवण्याची पद्धत १९६८ साली न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने ‘एलजीबी’ या नावाने आणली. ४५ ला २२.५ ने गुणले की सुमारे १०१२ मिलिमीटर येतात, म्हणजे जवळजवळ नेमका एक मीटर, आणि हा योगायोग नव्हे. युरोपातील डोंगराळ मीटरगेज, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांवरच्या, गाड्याच त्या कंपनीला खेळण्यात उतरवायच्या होत्या. मुरगाव ते कॅसलरॉक हा गोव्याचा पहिला लोहमार्ग १८८८ साली पूर्ण झाला तोही मीटरगेजवरच, आणि १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज होईपर्यंत दूधसागरच्या घाटातून मीटरगेजचीच गाडी धावत होती. त्यामुळे घराच्या सोप्यात किंवा गच्चीवर दूधसागर घाटाच्या पायथ्याच्या कुळे स्थानकावरून जाणारी जुनी गाडी पुन्हा चालवू पाहणाऱ्याला जी-गेज हेच प्रमाण सोयीचे पडते. मात्र चार-पाच डबे जोडून पहिला चढ आला की इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात. डब्यांना छर्ऱ्यांची, म्हणजे बॉल बेअरिंगची, चाके बसवण्याचा विषय निघतो तो येथे.

मूळ रेल्वेत चाक आणि आस (ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा) एकमेकांना पक्के जोडलेले असतात व दोन्ही मिळून फिरतात. फिरत्या आसेवर डब्याचा भार टेकवणे हेच खरे कोडे होते. जुन्या पद्धतीत आसेच्या टोकावर पितळी बेअरिंग बसवलेले असे, त्याला आतून मऊ पांढऱ्या धातूचा थर दिलेला असे, आणि हे सारे ज्यात असे त्या ॲक्सल बॉक्स नावाच्या पेटीच्या तळाशी तेलात भिजवलेला सुताचा बोळा कोंबलेला असे. आस फिरू लागली की ती स्वतःच तेल वर ओढून घेई आणि धातू व धातू यांच्यामध्ये तेलाचा पातळ पडदा तयार होई. त्या पडद्यावर तरंगणारी आस फारच कमी विरोध करी. मात्र गाडी उभी राहिली की पडदा विरून जाई, त्यामुळे सुटताना इंजिनाला जोर लावावा लागे. आणि तेल आटले की धातू तापून धूर निघे. रेल्वेच्या बोलीतला ‘हॉट ॲक्सल’ हा शब्द त्या काळापासून चालत आला आहे.

यावरचा उपाय अमेरिकेतील हेन्री टिमकेन यांच्या निमुळत्या रोलरच्या, म्हणजे गोळ्यांऐवजी लहान लाटणी असलेल्या, बेअरिंगमध्ये होता. त्याचे अमेरिकी पेटंट १८९८ चे असले तरी रेल्वे कंपन्या खर्चाला कचरत होत्या. त्यांची भीड मोडावी म्हणून टिमकेन कंपनीने १९३० साली सर्व आसांना रोलर बेअरिंग असलेले एक अख्खे वाफेचे इंजिनच बांधून घेतले. त्याला ११११ हा क्रमांक देऊन निरनिराळ्या मार्गांवर चालवून दाखवले, आणि शिकागोत तर कार्यालयातील काही महिला कर्मचाऱ्यांनी ते धूड दोराने ओढल्याचे दृश्य लोकांपुढे मांडले. जाहिरातीचा भाग सोडला तरी मुद्दा खरा होता: रोलरला सुटण्यासाठी तेलाच्या पडद्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडे बॉक्सएन मालवाघिणींना जी निमुळत्या रोलरची बंद बेअरिंगे असतात ती याच कुळातली. हे रोलर असतात, छर्रे नव्हेत, कारण गोळीचा स्पर्श जवळजवळ एका बिंदूपुरता असतो आणि कित्येक टनांचा भार त्या बिंदूवर टाकणे परवडत नाही.

छर्ऱ्यांचा इतिहास वेगळ्याच रस्त्याने आला, आणि तो रस्ता सायकलीचा आहे. १८६९ साली फ्रान्समध्ये ज्यूल्स सुरिरे यांनी सायकलीसाठी बॉल बेअरिंगचे पेटंट घेतले व त्याच वर्षी पॅरिस-रुआँ शर्यत जिंकणाऱ्या जेम्स मूर यांच्या सायकलीत ती बसवलेली होती. गोळ्या सारख्या मापाच्या आणि खरोखर गोल असल्याशिवाय या साऱ्याला अर्थ नव्हता. ते काम १८८३ साली जर्मनीच्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर यांच्या घासणयंत्राने जमवले. पुढे उपकरणांसाठी अगदी चिमुकली बेअरिंगे हवी झाली. जपानमध्ये केवळ तीच बनवणारी कंपनी १९५१ मध्ये निघाली. आज तीन मिलिमीटर भोकाचे आणि सहा मिलिमीटर बाहेरील व्यासाचे बेअरिंग किरकोळ किमतीत मिळते ते या प्रवासामुळे. गॅरेजमधून टाकून दिलेली बेअरिंगे आणून, त्यांना फळी ठोकून उतारावर गाडी सोडणाऱ्या मुलांना मात्र हा इतिहास माहीत नसतानाही त्याचे सार कळलेले असते.

खेळण्यातील रेल्वेने दीर्घ काळ यांतले काहीच उचलले नाही. लहान प्रमाणांत त्याची गरजही नव्हती. तेथे आसेची टोके सुईसारखी निमुळती करून ती शंकूच्या आकाराच्या खळग्यात टेकवतात. घर्षण होते ते टोकाशी, आणि टोकाची त्रिज्या नगण्य असल्याने डबा फुंकरीनेही सरकतो. अमेरिकेतील लायोनेल या खेळण्यातील रेल्वे बनवणाऱ्या कंपनीने आपल्या मोठ्या मापाच्या डब्यांनाही १९७० पासून अशी टोकदार आस आणि गुळगुळीत ॲसिटल प्लॅस्टिकची चौकट दिली. जी-गेजचा डबा मात्र किलोभर, कधी त्याहूनही जड असतो. एवढ्या वजनाखाली टोक खळग्यात रुतून तो झिजवील, म्हणून येथे साधी जाड आस प्लॅस्टिकच्या भोकात फिरवण्याची जुनीच रीत टिकली.

या रीतीचा तोटा आकड्यांत पाहावा. चाक ३० मिलिमीटरचे आणि आस ३ मिलिमीटरची धरली, तर आसेवरील घर्षण चाकाच्या कडेशी एक दशांश होऊन पोहोचते. कोरड्या, धूळ बसलेल्या प्लॅस्टिकवर घर्षणाचा गुणांक पाव धरला, तर डब्याच्या वजनाच्या अडीच टक्के इतका विरोध सपाटीवरच उभा राहतो. खऱ्या गाडीतला तेलाचा पडदा येथे कधी तयारच होत नाही, कारण आस तेवढ्या वेगाने फिरत नाही. ही गाडी जणू कायमच सुटण्याच्या क्षणी अडकलेली असते. कुळे ते कॅसलरॉक या घाटाचा चढ सदतीसला एक, म्हणजे सुमारे २.७ टक्के आहे. तेव्हा सोप्यातल्या सपाट रुळांवर धावणारा डबा बिचारा सतत दूधसागरचा घाट चढत असतो, आणि खरा चढ आला की भार दुप्पट होतो. याची परीक्षा घरच्या घरी होते: मीटरभर लांबीच्या फळीवर रूळ ठोकून डबा ठेवावा व एक टोक हळूहळू उचलावे. टोक तीन सेंटीमीटर वर गेल्यावर डबा सुटला तर विरोध तीन टक्के. छर्ऱ्यांच्या चाकांचा डबा त्याच्या कितीतरी आधी सुटतो.

जी-गेजसाठी मिळणाऱ्या अशा चाकांचा दुसरा गुण माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठा आहे. त्यांत बेअरिंग चाकाच्या पोटात असते, त्यामुळे एकाच आसेवरची दोन चाके स्वतंत्रपणे फिरतात. पूर्ण वर्तुळाच्या एका फेरीत बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा सुमारे २८ सेंटीमीटर लांब पडतो, मग वर्तुळ कितीही लहान वा मोठे असो. जोडलेल्या चाकांपैकी एकाला ते अंतर घसटत काढावे लागते. सुट्या चाकांना नाही. शिवाय डब्यात दिवे असतील तर वीज घेण्यासाठी चाकावर किंवा रुळावर घासणारे जे तुकडे लावत, ते अक्षरशः ब्रेकचे काम करीत. नव्या चाकांत वीज बेअरिंगमधूनच आत येते.

गोव्याच्या हवेत दोन गोष्टींना जपावे लागते. पावसाळ्यात साध्या पोलादाचे छर्रे गंजतात, म्हणून स्टेनलेसचे घ्यावेत; आणि कारखान्यातून भरून आलेले घट्ट वंगण धुऊन पातळ तेलाचा एकच थेंब सोडावा. हाताशी आहे म्हणून खोबरेल घालू नये. ते जानेवारीच्या पहाटे थिजते आणि एरवी धूळ धरून चिकट होते. माझे दोन डबे मी याच हौसेने जाम करून ठेवले होते.

चाके बदलल्यावर मात्र एक नवीच अडचण दिसते. आपल्याकडे गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, डोळ्यांना जाणवणारही नाही इतका. साध्या आसेचा डबा त्यावर मुकाट उभा राहतो. छर्ऱ्यांचा डबा जोडणी सुटताक्षणी पन्हळीच्या दिशेने चालू लागतो. म्हणून मी गार्डच्या डब्याची प्लॅस्टिकची चाके बदललेली नाहीत. तो शेवटी जोडलेला असतो आणि गाडी उभी असताना तेवढ्यापुरता ब्रेकव्हॅन ठरतो.