तपकिरी रंग काय सांगतो आणि काय नाही

आतड्यातल्या गाठीचा रिपोर्ट हातात पडतो. खाली ओळी असतात: 'सीडी ११७ पॉझिटिव्ह, डॉग १ पॉझिटिव्ह, केआय ६७ चार टक्के.' घरचे लोक 'पॉझिटिव्ह' वाचूनच धास्तावतात. पण त्यातल्या पहिल्या दोन ओळी गाठ किती दांडगी आहे याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्या फक्त ती कोणत्या घराण्यातली ते सांगतात.

या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवून पुढे मेणात बसवला की त्याचा ब्लॉक तयार होतो. ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात. मग त्यावर एखादे ठरावीक प्रथिन तेवढे ओळखणारी अँटिबॉडी सोडतात. प्रथिन असेल तिथे ती चिकटते आणि रसायनाने त्या जागी तपकिरी रंग उमटतो. बाकी पेशींची केंद्रके निळसर दिसतात.

जठर आणि आतड्याच्या भिंतीत 'जिस्ट' नावाची गाठ होते. पूर्वी अशा बऱ्याच गाठी स्नायूंच्या गाठी म्हणून नोंदल्या जात. १९९८ मध्ये जपानमधल्या ओसाकाच्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की यांतल्या अनेक गाठींत 'किट' हे जनुक बिघडलेले असते. पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारे त्याचे बटण चालूच राहते. त्या जनुकाचे प्रथिन म्हणजेच सीडी ११७. आतड्याची लयबद्ध हालचाल चालवणाऱ्या काहालच्या पेशींवरही तेच असते, म्हणून ही गाठ त्यांच्या गोतावळ्यातली मानतात. सुमारे ९५ टक्के जिस्ट या रंगाला प्रतिसाद देतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच डॉग १ या जिस्टच्या पेशींवरच्या दुसऱ्या प्रथिनामुळे पकडल्या जातात.

स्लाइड पाहताना अनुभवी पॅथॉलॉजिस्ट आधी गाठीकडे बघतच नाही. आजूबाजूला विखुरलेल्या मास्ट पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षणातल्या निरोगी पेशी शोधतो. त्यांच्यावर सीडी ११७ असतेच. त्याच कोऱ्या दिसल्या तर रंगकामच फसले आहे, आणि 'निगेटिव्ह' लिहिण्यात अर्थ नाही.

ओळख पटली, आता वागणूक. इथे तपकिरी रंगाची गडद-फिकट छटा कामाची नाही. गाठ गडद रंगली म्हणून ती जास्त घातक ठरत नाही. अंदाज बांधायचा तो तीन साध्या गोष्टींवरून: गाठ कुठे आहे, किती सेंटिमीटरची आहे आणि पाच चौरस मिलिमीटर जागेत किती पेशी विभाजन करताना सापडतात. मिएटिनेन आणि लासोटा या पॅथॉलॉजिस्टांनी २००६ मध्ये मांडलेल्या तक्त्यात पाच ते दहा सेंटिमीटरची, विभाजन कमी असलेली गाठ जठरात असेल तर ती पुढे पसरण्याचे प्रमाण ३.६ टक्के आहे. तेवढीच, तशीच गाठ लहान आतड्यात असेल तर २४ टक्के. जागा बदलली की एवढा फरक! हे कुठलीही महागडी अँटिबॉडी सांगत नाही, टेप आणि मोजणीच सांगते.

एक अपवाद मात्र भारी आहे. एसडीएचबी या प्रथिनासाठी रंग दिला आणि गाठीच्या पेशी कोऱ्या राहिल्या, तर रंग न येणे हेच उत्तर. अशी जिस्ट जठरात, बहुधा तरुण वयात आणि मुलींमध्ये जास्त होते. तिच्या बाबतीत वरचा तक्ता विश्वासाचा नाही. ती लसिकाग्रंथींत जाऊ शकते, जिस्टवरच्या इमॅटिनिब या औषधाला सहसा दाद देत नाही, आणि तरीही पसरल्यावर कित्येकदा वर्षानुवर्षे संथ राहते.

केआय ६७ चा खाक्या वेगळा. ही अँटिबॉडी जर्मनीतल्या कील शहरात तयार झाली. नावातले 'केआय' हे कीलवरून आले आणि ६७ हा प्रयोगाच्या प्लेटमधल्या खळग्याचा क्रमांक. विभाजनाच्या वाटेवर असलेल्या पेशींची केंद्रके ती रंगवते. आतड्याच्या व स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या गाठींत तर ग्रेड ठरवताना विभाजनांच्या मोजणीसोबत हाच आकडा लागतो: ३ टक्क्यांखाली पहिला ग्रेड, ३ ते २० दुसरा, २० च्या वर तिसरा. सगळ्यात जास्त रंगलेला भाग निवडून निदान ५०० पेशी मोजायच्या असतात. मधे घुसलेल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीही रंगतात, त्या चुकून धरल्या की २ चे ४ व्हायला वेळ लागत नाही. नुसत्या नजरेने 'साधारण तीन' लिहिणे मला म्हणूनच पटत नाही. सीमेवरच्या आकड्यावर तर अजिबात नाही.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एमएलएच १, पीएमएस २, एमएसएच २ आणि एमएसएच ६ ही चार प्रथिने बघतात. ती डीएनएतल्या चुका दुरुस्त करतात. एखादे हरवलेले असेल आणि आजार दुसऱ्या टप्प्यात असेल, तर भवितव्य तुलनेने बरे असते, आणि एकट्या फ्लुओरोयुरॅसिल या केमोथेरपीच्या औषधाचा फायदा मिळत नाही. शिवाय लिंच सिंड्रोमची, म्हणजे कर्करोगाच्या आनुवंशिक प्रवृत्तीची शंका घेऊन घरातल्या इतरांची चौकशी करावी लागते.

इमॅटिनिब द्यायचे तर मात्र रंगावर थांबून चालत नाही. किटमधला बिघाड एक्सॉन ११ मध्ये (एक्सॉन म्हणजे जनुकाचा एक तुकडा) असेल तर रोज ४०० मिलिग्रॅमचा डोस सहसा चांगला लागू पडतो. पसरलेल्या आजारात तो एक्सॉन ९ मध्ये निघाला तर बहुतेक वेळा ८०० चा विचार होतो. पीडीजीएफआरए जनुकातल्या डी८४२व्ही बिघाडावर तर औषध जवळजवळ निष्प्रभ. हे सगळे सीडी ११७ च्या स्लाइडवर सारखेच तपकिरी दिसू शकते. ही जनुकतपासणी त्याच जुन्या ब्लॉकमधून होते, म्हणून दुसऱ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टाच्या झेरॉक्सबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्यावेत.