मुंबई बंदराचा पृष्ठप्रदेश
ज्या मुलखाचा माल एखाद्या बंदरातून बोटीवर चढतो आणि परदेशचा माल उतरून ज्या मुलखात जातो, त्याला त्या बंदराचा पृष्ठप्रदेश म्हणतात. मुंबईच्या भरभराटीचे श्रेय सहसा तिच्या खोल, आडोशाच्या खाडीला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. खाडी पूर्वीही खोल होती, पण मध्ये सह्याद्री उभा होता आणि देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरे. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून आगगाडी धावू लागली, तेव्हा खानदेश-वऱ्हाड या खाडीला जोडले गेले.

त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडातील लँकेशायरच्या कापडगिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मुंबईत भाव भडकले, शेअर आणि समुद्रभरावाच्या कंपन्यांना ऊत आला. युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. लोहमार्ग मात्र राहिले. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाल्यावर युरोपची वाट एकदम जवळ आली.

बंदराचा कारभार पाहणारा पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाला. १८७५ मध्ये ससून, १८८० मध्ये प्रिन्सेस आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा (आजची इंदिरा) गोदी सुरू झाली. मुंबईच्या भरती-ओहोटीत पाणी कित्येक हात वरखाली होते. म्हणून भरतीला गोदीचे दरवाजे उघडून बोट आत घेत आणि दरवाजे लावून पाणी आत कोंडत; बाहेर ओहोटी लागली तरी आतली बोट तरंगतीच राही. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातील मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी आहे.

बंदराने प्रदेशाला काय दिले, हे नुसत्या टनांवरून कळत नाही. गोदीत आणि गिरणीत राबायला सातारा-रत्नागिरीकडची माणसे आली आणि त्यांच्या मनीऑर्डरींवर कोकणातली कित्येक घरे चालली. बाजारांत, वखारींत पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना कायद्याचे संरक्षण मिळायला मात्र १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला. एवढा उशीर या शहराला शोभणारा नव्हता.

१९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि कंटेनर तिकडे गेले. २०२३–२४ मध्ये तिथे वीस फुटी मापाने सुमारे ६४ लाख कंटेनर हाताळले गेले. जिथे सुटा माल उतरवायला टोळ्या लागत, तिथे क्रेन काही मिनिटांत खोका उचलते. धक्क्यावरची माणसे घटली. काम उरण-पनवेलच्या यार्डांत, कस्टम दलालांच्या कचेऱ्यांत आणि ट्रकचालकांकडे गेले.

पृष्ठप्रदेशाची नाडी आज निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत सापडते. घड तोडायचे, खराब मणी कात्रीने काढायचे, पेट्या भरून प्रीकूलिंगला, म्हणजे थंड खोलीत गार करायला लावायच्या आणि मग रीफर (शीतयंत्र असलेला) कंटेनर न्हावा शेव्याकडे रवाना करायचा. वाटेत गारवा तुटला की माल गेला. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे बऱ्याच बोटी सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेल्या. युरोपला निघालेली द्राक्षे जास्तीचे दिवस समुद्रावर राहिली, भाडे वाढले आणि त्याची झळ थेट बागायतदाराच्या हिशेबवहीपर्यंत पोचली.