मसल कारला इंजिन कुठलं टाकायचं? एचपी सोडा, आधी कॅम विचारा

ऑगस्टमध्ये डेट्रॉइटला वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा, असते आणि तिकडची आपली मराठी मंडळी ग्रुपवर धडाधड व्हिडिओ टाकायला लागतात. अशाच एका क्लिपमध्ये १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो (मोठ्या इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी, म्हणजेच मसल कार) सिग्नलला उभी होती आणि इंजिन धड... धडधड... धड करत अख्खं बॉनेट हलवत होतं. खाली एकाने लिहिलं, "मिसफायर मारतंय, प्लग बदला म्हणावं." त्यावर लगेच दुसरा, "येडा आहेस का, पॉवरवालं इंजिन असंच वाजतं!" मग नेहमीप्रमाणे शंभर मेसेज. खरं सांगायचं तर पहिला माणूस बरोबर आहे, ते इंजिन खरंच मिसफायर मारतंय, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल मधूनमधून नीट पेटत नाही. फक्त प्लग बदलून ते जाणार नाही, कारण मालकाने पैसे मोजून ते करून घेतलंय.

अशा जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकून ती बांधायला घेतली की पहिला प्रश्न येतो किती एचपी (हॉर्सपॉवर). हा प्रश्नच मला पटत नाही. एक तर जुन्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. १९७१ पर्यंत अमेरिकेत ग्रॉस एचपी छापायचे, म्हणजे इंजिन टेस्ट बेंचवर, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. क्रायस्लरच्या ४२६ हेमीचा १९७१ चा ग्रॉस आकडा ४२५ आणि नेट (हे सगळं लावून मोजलेला) ३५०, इंजिन तेच. त्यामुळे "जुन्या गाड्यांची ताकदच वेगळी" म्हणणाऱ्या काकांना थोडं सबुरीने घ्या म्हणावं. दुसरं म्हणजे एचपी काही वेगळी वस्तू नाहीच, टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), एवढंच (पाउंड-फूटमध्ये असेल तर भागिले ५२५२). तोच टॉर्क जास्त फेऱ्यांपर्यंत टिकवला की एचपीचा आकडा वाढतो. मग तो कुठल्या फेऱ्यांवर टिकवायचा, हे ठरवतो कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा फिरता दांडा.

शेव्हरोलेचंच उदाहरण घ्या. एलएस३ हे ६.२ लिटरचं, ३७६ क्यूबिक इंचांचं व्ही८, २००८ च्या कॉर्व्हेटमध्ये आलं. अशा बिल्डसाठी कंपनी ते नवं कोरं पेटीत घालून विकते, ४३० एचपी. आणि त्याचाच एक भाऊ आहे एलएस३७६/५२५, नावातच ५२५ एचपी. तोच ब्लॉक, तेच ६.२ लिटर, आणि मुख्य फरक कॅमचा (स्प्रिंगा वगैरे त्याच्या मागून आल्याच). लोखंडाचा एक दांडा बदलून ९५ एचपी! मग सगळ्यांनी तोच का घेऊ नये?

आता थोडं नीट वाचा, कारण मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

शाळेत चार स्ट्रोक शिकवतात: हवा आत, दाबा, पेटवा, धूर बाहेर. चित्रात एक व्हॉल्व्ह बंद झाला की मगच दुसरा उघडतो. खऱ्या इंजिनात तसं नसतं, धूर बाहेर जायचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायच्या आधीच हवा आत यायचा व्हॉल्व्ह उघडायला लागतो आणि थोडा वेळ दोन्ही उघडे असतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. ६००० आरपीएमला क्रँकची (पिस्टन फिरवतात त्या दांड्याची) अर्धी फेरी फक्त ५ मिलिसेकंदात होते, म्हणजे सिलिंडर भरायला जेमतेम तेवढाच वेळ. पण तेव्हा सायलेन्सरच्या पाइपात जळलेला वायू इतक्या वेगाने पळत असतो की तो आपल्या मागे ओढ निर्माण करतो, आणि दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असले तर ती ओढ ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये खेचून घेते. पिस्टन खाली जायच्या आधीच भरणं सुरू, फुकटात.

आता तेच इंजिन ७०० आरपीएमला आणा, म्हणजे आयडलिंगला, गाडी उभी असताना. थ्रॉटल (हवेची झडप) जवळपास बंद, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या पाइपांत) व्हॅक्यूम, आणि सायलेन्सरकडे साधारण वातावरणाचा दाब. वारा असला की वाड्याची पुढची-मागची दारं उघडी टाकली तर चुलीचा धूर झटक्यात बाहेर जातो, वारा पडला की तोच धूर माजघरात शिरतो, तसं इथे होतं. जळलेला वायू उलटा इनटेकमध्ये घुसतो आणि पुढच्या स्ट्रोकला ताज्या मिश्रणाबरोबर परत आत येतो. असं भेसळीचं मिश्रण नीट पेटत नाही, एखादा स्फोट फुसका जातो. मग त्या सिलिंडरमध्ये न जळलेली हवा-पेट्रोल उरतं, म्हणून पुढचा स्फोट जोरात. एक फुसका, एक दणदणीत, आठ सिलिंडरमध्ये कुठेही कधीही. तो धड... धडधड आवाज म्हणजे हेच.

आकडे हवेत? अंगच्या (कंपनीतून येतो त्या) एलएस३ कॅमला इनटेक व्हॉल्व्ह २०४ अंश आणि एक्झॉस्ट २११ अंश उघडा राहतो (कॅमवर टेकलेला लिफ्टर १.२७ मिमी उचलला गेला की मोजणी सुरू), दोन लोबमधला, म्हणजे कॅमवरच्या दोन उंचवट्यांमधला, कोन ११७. दोन्ही कालावधींची सरासरी घ्या आणि त्यातून या कोनाची दुप्पट वजा करा, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. २०७.५ वजा २३४, म्हणजे उणे २६.५ अंश. ५२५ वाल्याचा कॅम २२६/२३६ आणि कोन ११०, म्हणजे २३१ वजा २२०, अधिक ११. एकाचा ओव्हरलॅप जवळजवळ नाही, दुसऱ्याचा भरपूर. हे डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही, एवढंच धरा की कालावधी वाढला आणि कोन कमी झाला की गाडी वर पळते आणि खाली लंगडते.

आणि लंगडणं फक्त आवाजापुरतं नसतं. ब्रेकचा बूस्टर इनटेकच्या व्हॅक्यूमवर चालतो. साध्या इंजिनात आयडलिंगला १८ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम मिळतो, मोठ्या कॅमवर तो १० च्या आसपास येऊ शकतो, आणि मग सिग्नलला पेडल दगडासारखं कडक लागतं. दीड टनाची गाडी, समोर माणसं रस्ता क्रॉस करतायत आणि पायाखाली दगड. मग व्हॅक्यूम पंप बसवा नाहीतर पॉवर स्टीअरिंगच्या तेलावर चालणारा हायड्रोबूस्ट. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा जोड) जास्त आरपीएमला पकडणारा हवा, नाहीतर गिअरमध्ये टाकल्या टाकल्या इंजिन आचके देतं. हा सगळा खर्च त्या ९५ एचपीच्या किमतीत धरा.

यावरचा खरा वैज्ञानिक उपाय फोर्डच्या ५ लिटर कोयोटीत आहे, २०११ च्या मस्टँगपासून. त्यात चार कॅम, आणि इनटेकचे व एक्झॉस्टचे वेगवेगळे पुढे-मागे सरकवता येतात, त्यामुळे ओव्हरलॅप आयडलिंगला कमी आणि वर गेल्यावर जास्त. एलएस३ मध्ये सोळाच्या सोळा लोब एकाच दांड्यावर, त्यांच्यातला कोन कारखान्यातच ठरलेला. (पुशरॉड, म्हणजे कॅम खाली ब्लॉकमध्ये आणि काड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, इंजिनातही ही करामत २००८ च्या डॉज व्हायपरने करून दाखवली, कॅमच्या आत कॅम घालून, पण ते प्रकरण वेगळं.) मग कोयोटीच टाका ना! टाका की, पण चार कॅममुळे त्याची हेड्स (ब्लॉकवरचे, व्हॉल्व्ह असलेले भाग) एवढी रुंद झालीत की १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये बसवायला बहुतेक लोक शॉक टॉवर (पुढच्या सस्पेन्शनला धरणारे बॉनेटखालचे पत्र्याचे खांब) कापतात आणि पुढचं सगळं सस्पेन्शन बदलतात. एलएसचा कॅम ब्लॉकच्या पोटात असतो, म्हणून ६.२ लिटर असूनही ते आटोपशीर. पुशरॉडला जुनाट म्हणणाऱ्यांनी एकदा टेप घेऊन दोन्ही इंजिनं मोजावीत.

आणखी एक फॅड म्हणजे घोस्ट कॅम. इंजिन साधंच, पण कॉम्प्युटरमध्ये ट्यूनिंग घालून सिग्नलला मुद्दाम अडखळायला लावायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला मोठा कॅम वाटेल. मिसफायरची नक्कल, तीही पैसे देऊन! आपल्याकडे पेट्रोलच्या पाइपावर मॅग्नेट बांधून अ‍ॅव्हरेज वाढवणारे होते, त्यांच्याच पंगतीला यांना बसवायला हरकत नाही.

तर कॅमॅरो रोज चालवायची असेल, ट्रॅफिकमध्ये एसी लावून, तर माझं मत अंगच्या कॅमचं एलएस३, आणि बजेट कमी असेल तर सिल्व्हराडो किंवा टाहोच्या भंगारातलं ५.३ लिटर. ते बहुतेक वेळा लोखंडी ब्लॉकचं, जरा जड, पण मुबलक मिळतं. जुना कार्ब्युरेटरचा फ्युएल पंप मात्र दोन्हीकडे चालणार नाही, इंजेक्शनला ५८ पीएसआयच्या आसपास दाब लागतो. कॅमची हौस नंतर करता येते. एलएसचे लिफ्टर प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये असतात, पुशरॉड काढून कॅम काही वेळा फिरवला की ते वर अडकून बसतात, मग हेड न उघडता, रेडिएटर आणि पुढचं कव्हर काढून दांडा समोरून ओढता येतो. शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही८ ला आधी इनटेक मॅनिफोल्ड उतरवावं लागतं. फक्त कॅमबरोबर व्हॉल्व्ह स्प्रिंग घ्यायला विसरू नका, अंगच्या स्प्रिंगा त्या लोबला पुरत नाहीत आणि ६५०० ला व्हॉल्व्ह तरंगून (वेळेवर न मिटता) पिस्टनला टेकला तर अख्खं इंजिन खोलावं लागेल.