४५ सेकंदांच्या मागे: फ्रीस्टाइल कयाकिंगची जडणघडण

फ्रीस्टाइल कयाकिंगच्या जागतिक स्पर्धेत खेळाडूला एका फेरीला ४५ सेकंद मिळतात. नदी उतरायची नसते, टांगलेल्या खांबांमधून वाट काढायची नसते, शेजारी कोणी शर्यतीला नसतं. एकाच जागी उभ्या असलेल्या लाटेवर किंवा होलमध्ये कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी बंदिस्त नाव, टिकवायची आणि जमतील तितके वेगवेगळे डाव मारायचे. डाव उजवीकडे आणि डावीकडे मारला तर वेगळा धरतात, पण एकाच बाजूला दोनदा मारला म्हणून गुण दोनदा मिळत नाहीत. आजची स्पर्धा अशी का दिसते, याचं निम्मं उत्तर या नियमात आहे. उरलेलं निम्मं नावेच्या आकारात सापडतं.

आधी होल म्हणजे काय ते पाहू. खडकावरून किंवा पायरीवरून घसरलेलं पाणी तळाशी जातं, आणि वर पडलेली पोकळी भरायला पुढचं पाणी फेसाळत मागे येतं. घसरणारं हिरवं पाणी नावेला प्रवाहाबरोबर पुढे ढकलतं, फेस तिला प्रवाहाविरुद्ध मागे ढकलतो, आणि या दोहोंच्या मध्ये नाव अडकून राहते. हिरवं पाणी फेसाला भिडतं तो सांधा जेमतेम वीतभर रुंद असतो. होलमधला जवळजवळ प्रत्येक डाव तिथून सुरू होतो. नावेचं टोक सांध्याच्या थोडं अलीकडे रोवलं गेलं की प्रवाह ते खेचून नेतो, पलीकडे पडलं की फेसात नुसतं बुडबुडतं.

अशा पाण्यात टिकून दाखवण्याच्या स्पर्धा १९७० च्या दशकात अमेरिकेत, आयडाहोतल्या सॅमन नदीवर भरू लागल्या. उधळलेल्या जनावरावर कोण किती वेळ बसतो, त्यावरून नाव पडलं रोडिओ, आणि ते बरीच वर्षं टिकलं. नावा तेव्हा लांब होत्या. स्लॅलमच्या, म्हणजे टांगलेल्या खांबांमधल्या शर्यतीच्या, नियमात कयाकची किमान लांबी ४ मीटर होती आणि बाकी नावाही त्याच घडणीच्या. एवढ्या लांबीच्या नावेत ठरलेला डाव म्हणजे एंडर: पुढचं टोक हिरव्या पाण्यात खुपसायचं, नाव उभी होते आणि पाणी तिला वर फेकतं. वर असताना स्वतःभोवती गिरकी घेतली की पिरुएट. याखेरीज वल्हं डोक्यावर फिरवणं, वल्हं सोडून हातांनी लाटेवर बसणं. गुण मनाला वाटेल तसे आणि किनाऱ्यावरची आरोळी ऐकून दिले जात. चुरस होती, पण मोजमाप नव्हतं.

वळण मिळालं ते स्क्वर्ट बोटिंगमुळे. स्लॅलमच्या नावा खांबाखालून सरकाव्यात म्हणून त्यांची मागची बाजू बसकी होत गेली होती. वळताना ही शेपूट पाण्याखाली गेली की नाव वर उसळते, हे लक्षात आल्यावर पूर्व अमेरिकेतल्या काही वल्हेकऱ्यांनी तेच टोकाला नेलं. जिम स्नायडर हे त्यातलं ठळक नाव. स्क्वर्टची नाव फायबरची, माणसाच्या वजनाला बेतून बनवलेली, इतक्या कमी आकारमानाची की ती कशीबशी तरंगते. तिला झुकवून दोन प्रवाहांच्या सीमेवर आणलं की ती माणसासकट पाण्याखाली जाते. या डावाला मिस्टरी मूव्ह म्हणतात. स्क्वर्ट गटात तो किती सेकंद टिकला यावर गुण मिळतात, आणि तिथली फेरी ६० सेकंदांची असते. नदीतला इतका अजब प्रकार आणखी कुठला नसेल.

स्क्वर्टने बाकीच्यांना कार्टव्हील शिकवलं: नाव कडेवर ठेवून आधी पुढचं टोक, मग मागचं, चाकासारखं पाण्यात घालत राहायचं. त्यासाठी पातळ टोकं लागतात. प्लास्टिकच्या नावा तोवर सर्वत्र झाल्या होत्या. साच्यात पॉलिइथिलीनची पूड घालून साचा तापवत फिरवायचा, की नाव तयार. खडकावर आपटली तरी फुटत नाही, म्हणून लोक बेधडक प्रयोग करू लागले. १९९० च्या दशकात प्लास्टिकच्या नावांची टोकं चपटी झाली आणि लांबी झपाट्याने घटली. त्या काळी गाजलेली डॅगर आरपीएम ही नाव पावणेतीन मीटरच्याही आत होती.

जागतिक स्पर्धा याच सुमाराची. पहिली १९९१ मध्ये वेल्समधल्या द बिचेस या भरतीच्या प्रवाहावर झाली, म्हणजे समुद्रात. १९९३ मध्ये ती टेनेसीतल्या ओकोई नदीवर गेली, १९९५ ला जर्मनीत आउग्सबुर्गला, १९९७ ला कॅनडाच्या ओटावा नदीवर, १९९९ ला न्यूझीलंडमध्ये टाउपोजवळ. आता गुण द्यायची पक्की पद्धत हवी होती. जी आली तिच्यात तांत्रिक गुणांना विविधतेच्या आकड्याने गुणायचे. कार्टव्हीलचं प्रत्येक टोक वेगळं मोजायचं, नाव जितकी उभी तितके गुण जास्त. कागदावर हे न्याय्य दिसतं. प्रत्यक्षात खेळाडू चार-दोन वेगळे डाव उरकून विविधता पदरात पाडून घेत आणि उरलेला वेळ एकाच होलमध्ये चाकासारखे फिरत बसत. नावा बनवणाऱ्यांनीही मग तेच हेरलं आणि टोकं पातळ, आणखी पातळ होत गेली. त्या नावांत पाय दुमडून बसायची शिक्षा अनेकांना आठवत असेल.

त्याच दशकात तळही बदलला. जुना तळ गोल असायचा. गोल तळ पाणी कापत जातो, लाटेवर आडवा झाला की पाणी कडेवर चढतं आणि नाव उलटते. सर्फबोर्डसारखा सपाट तळ आणि धारदार कडा आल्यावर नाव पाण्यावर घसरू लागली आणि लाटेवर जागच्या जागी चक्कर घेता येऊ लागली. हा तळ रुजवण्यात कॉरन ॲडिसन या आरेखकाचा मोठा हात होता. लाटेवरचे डाव याच घसरणीतून निघाले. ब्लंट घ्या: लाटेच्या माथ्यावरून वेगाने खाली यायचं, नाव उसळवायची, हवेत असताना कड बदलायची आणि मागचं टोक वरून फेकायचं. नाव ४५ अंशांहून जास्त उभी झाली नाही तर तो ब्लंट धरत नाहीत.

पुढचा बदल मात्र उलट्या दिशेने झाला. पातळ टोक पाण्यात सहज जातं, पण बाहेर फेकत काही नाही. बादलीत चेंडू दाबून सोडला तर तो उडतो, पत्रा उडत नाही. हवेत कोलांटी, म्हणजे लूप, मारायची तर टोकात हवा हवी. २००० नंतर नावा बुटक्या आणि फुगीर झाल्या. आजची स्पर्धेची नाव साधारण पावणेदोन ते दोन मीटर लांब असते. लूपमध्ये पुढचं टोक सांध्यात रोवलं की नाव उभी होते, त्या क्षणी खेळाडू पायावर जोर देऊन ताठ उभा होतो, आणि उसळी पूर्ण मिळाल्यावर अंग पुढे फेकून गुडघे वर खेचतो. नवशिका हमखास घाई करतो: उसळीआधीच पुढे वाकतो, नाव अर्ध्यावर मरते आणि तो डोक्यावर फेसात पडतो. टोक जरा तिरपं रोवलं गेलं तर कोलांटीऐवजी पीळ पडतो.

लूपच्या पोटातून मॅकनॅस्टी, स्पेस गॉडझिला, फॉनिक्स मंकी असे डाव निघाले; नावं अशी की गंभीर चेहऱ्याने उच्चारावी कशी हा प्रश्नच आहे. मॅकनॅस्टीत नाव उलट्या तोंडी सुरू होते, अर्धं वळण घेता घेता पुढचं टोक खाली जातं आणि तिथूनच लूप. एवढे डाव हाताशी आल्यावर गुणाकाराची गरज उरली नाही. प्रत्येक डावाला ठरावीक मूल्य आणि एकदाच गुण, ही पद्धत आली. वर बोनस: नाव पूर्ण हवेत गेली तर, वल्ह्याचा कमीत कमी आधार घेतला तर, एका अवघड डावातून थेट दुसऱ्यात गेलं तर. वरून होलमध्ये उतरतानाच मारलेला डावही मोजतात.

त्यामुळे ४५ सेकंदांचा क्रम आधी पाठ असावा लागतो. महागडे डाव आधी, दम शाबूत असताना. शेवटच्या दहा सेकंदांसाठी चक्करसारखे स्वस्त, हमखास डाव. फेरी फसते ती बहुधा होलमधून बाहेर फेकलं गेल्यावर. कडेला प्रवाहाविरुद्ध मागे नेणारं संथ पाणी असेल तर परतता येतं, पण त्यात चांगली पंधरा सेकंदं जातात. दुसरं कारण याहून क्षुल्लक: स्प्रे स्कर्टमधून, म्हणजे कमरेभोवती नावेचं तोंड झाकणाऱ्या आवरणातून, पाणी शिरतं. पाच लिटर म्हणजे पाच किलो, आणि ते नेमकं खाली गेलेल्या टोकाकडे धावतं. नितंबांच्या बाजूचे पॅड सैल असतील तर अंग वळतं आणि नाव मागे राहते. अंतिम फेरीला पाच जण उरतात. प्रत्येकाला तीन संधी, त्यातली सर्वोत्तम एकच धरतात. म्हणून तिथे पहिली फेरी जपून आणि पुढच्या दोन जिवावर उदार होऊन, असं दिसतं.

एरिक जॅक्सन १९९३, २००१, २००५ आणि २००७ ला विश्वविजेता झाला, म्हणजे वर सांगितलेल्या जवळपास प्रत्येक आकाराच्या नावेत. त्याचा मुलगा डेन २०१५ ला ओटावा नदीवर जिंकला, तेव्हा डावांची यादी ओळखू येणार नाही इतकी बदलली होती.

पाण्याचा प्रश्न वेगळाच. होल आणि लाट पाण्याच्या पातळीवर जगतात. हातभर फरकाने तेच होल नावेला सोडत नाही किंवा धरतच नाही. म्हणून आयोजक नियंत्रण असलेल्या जागा शोधतात: ओकोईचं पाणी धरणातून सुटतं, २०२२ ची स्पर्धा नॉटिंगहॅमच्या कृत्रिम प्रवाहात झाली, २०२३ ची जॉर्जियातल्या कोलंबसला, जिथे जुने बंधारे फोडून नदी मोकळी केली होती. उलट युगांडात जिंजाजवळ, पांढऱ्या नाईलवर, जगातल्या उत्तम सरावाच्या जागांपैकी काही धरणांच्या पाण्याखाली गेल्या.

दरम्यान स्पर्धेने टाकून दिलेली पातळ शेपूट बाहेर परत आली आहे. डॅगर रिवाइंड, पिरान्हा रिपर अशा नावांना पुढे फुगीर नाक आणि मागे स्क्वर्टच्या काळातली चपटी शेपूट असते. नदी उतरता उतरता मागचं टोक बुडवून उभं राहायला त्या झकास आहेत. लूपला लागणारी उसळी मात्र त्यांच्यात नाही, म्हणून विश्वस्पर्धेच्या रांगेत त्या दिसत नाहीत.