बालीच्या निवासी शिबिराला निघताना: तिकीट, व्हिसा आणि सामान

बालीतल्या उबुड गावी योग किंवा ध्यान शिबिरात जागा पक्की झाली की बहुतेक जण लगेच स्वस्त तिकीट शोधायला बसतात. त्याआधी शिबिराकडून आलेलं पत्र पुन्हा एकदा वाचा आणि दोन गोष्टींची वेळ कागदावर लिहून काढा: पहिलं सत्र कधी सुरू होतं आणि शेवटच्या दिवशी खोली कधी सोडायची. बाकी सगळा प्रवास या दोन वेळांवरून मोजायचा असतो.

समजा, पहिलं सत्र रविवारी दुपारी ४ वाजता आहे. शनिवारी रात्री साडेअकराला मुंबईहून निघालात, तर सिंगापूरला सकाळी साडेसातच्या सुमारास पोचाल (तिथलं आणि बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे). साडेनऊचं विमान मिळालं तर बारा-सव्वाबाराला देनपसारला, म्हणजे बालीच्या विमानतळावर, उतराल. इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम्सला तास-दीड तास. पुढे उबुड जेमतेम ३५-४० किलोमीटर, पण रस्ते अरुंद आणि गर्दी फार, म्हणून दीड ते दोन तास धरा. कागदावर साडेतीनला पोचता. मुंबईचं विमान दोन तास उशिरा सुटलं की पुढचं सगळंच कोसळतं. म्हणून तिकिटं काढून देताना आम्ही शुक्रवार रात्रीचंच तिकीट सुचवतो. एक रात्र हॉटेलचा खर्च वाढतो, पण पहिल्या सत्रात झोप काढावी लागत नाही.

परतीचंही तसंच. विमानाच्या वेळेआधी पाच-साडेपाच तास उबुड सोडा.

मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानांची तारीख नीट बघा. तिकिटावर ‘शनिवार ००:४०’ असेल, तर शुक्रवारी रात्री साडेनऊलाच विमानतळावर हजर राहायचं. शनिवारी रात्री जाऊन उभं राहिलं तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. पुणेकरांनी घाटातली कोंडी धरून विमानाच्या आठ तास आधी घर सोडावं.

दोन वेगळी तिकिटं जोडू नका

मुंबई ते सिंगापूर एका कंपनीचं आणि सिंगापूर ते बाली दुसऱ्या कंपनीचं, असं वेगवेगळं काढलेलं तिकीट कधी कधी बरंच स्वस्त पडतं. पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीची काहीही जबाबदारी नसते. शिवाय बॅग थेट बालीपर्यंत जात नसेल, तर ती घेण्यासाठी सिंगापूरच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं आणि त्यासाठी भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो. तो नसल्यामुळे मुंबईच्या काउंटरवरच थांबवलं जाऊ शकतं. क्वालालंपूरमार्गे जायचं तर तिथे टर्मिनल १ आणि २ एकमेकांपासून दूर आहेत, मधे ट्रेनने जावं लागतं. म्हणून एकाच पीएनआरवरचं तिकीट घ्या, आणि मधे निदान दोन तास असू द्या.

दहा किंवा जास्त जण एकत्र जात असाल, तर आधी गट-भाड्याची चौकशी करा. आगाऊ रक्कम भरून जागा धरता येतात आणि नावं नंतर देता येतात.

पासपोर्ट आणि नाव

पासपोर्टची मुदत बालीत उतरण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. पान फाटलेलं, भिजून फुगलेलं किंवा शिवण सुटलेली असेल, तर आधी नवा काढा. बालीचं इमिग्रेशन याबाबत फार कडक आहे, त्यामुळे विमान कंपन्याही इथूनच परत पाठवतात.

तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे. आपल्याकडे पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. ते तसंच्या तसं टाका. लग्नानंतर आधारवर नाव बदललं, पण पासपोर्टवर माहेरचंच असेल, तर तिकीट माहेरच्या नावावर.

व्हिसा

भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसा पोचल्यावर मिळतो, शुल्क ५,००,००० रुपिया. शून्यं बघून घाबरू नका, आपले साधारण तीन हजार रुपयेही होत नाहीत. इंडोनेशियाच्या इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच ई-व्हिसा काढला, तर एक रांग वाचते. परतीचं तिकीट हाताशी ठेवा. बाली प्रांताचं १,५०,००० रुपियाचं पर्यटक शुल्क वेगळं असतं. ते ‘लव्ह बाली’ या अधिकृत संकेतस्थळावर भरून क्यूआर कोड जपून ठेवा. ‘ऑल इंडोनेशिया’ हा आगमन फॉर्म पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा.

उतरला तो दिवस ‘पहिला’ धरला जातो. २०० तासांचं योगशिक्षक प्रशिक्षण अनेकदा २५-२८ दिवसांचं असतं. मागेपुढे दोन-तीन दिवस धरले की ३० ची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. जास्तीच्या प्रत्येक दिवसाला १०,००,००० रुपिया दंड आहे. मुदतवाढ एकदा मिळते, पण त्यासाठी इमिग्रेशन कार्यालयात जावं लागतं आणि शिबिर सोडून जाणं अवघड. म्हणून सुरुवातीलाच आमच्याशी बोला. आणि तुम्ही शिकायला नाही, तर पैसे घेऊन शिकवायला जात असाल, तर हा व्हिसा चालत नाही.

न्येपी

न्येपी म्हणजे बालीचं नववर्ष, मौनाचा दिवस. तेही शक कालगणनेवरच चालतं. २०२६ मध्ये न्येपी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला. दरवर्षी जुळतंच असं नाही, त्यामुळे मार्चचा बेत असेल तर तारीख विचारून घ्या. त्या दिवशी सकाळी ६ ते दुसऱ्या सकाळी ६ विमानतळ बंद असतो आणि रस्त्यावर येण्याची कुणालाच परवानगी नसते, पर्यटकांनाही नाही.

ज्वालामुखीची राख हा दुसरा धोका. नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्वेकडच्या फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीची अनेक उड्डाणं रद्द झाली. प्रवास विमा तिकीट काढतानाच घ्या. उद्रेक सुरू झाल्यावर घेतलेल्या विम्यात त्याची भरपाई सहसा मिळत नाही.

सामान आणि खाणं

खोबऱ्याच्या वाट्या घेऊ नका. सुक्या खोबऱ्यातलं तेल पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला बंदी आहे. सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनी खसखस लावलेले अनारसेही घरीच ठेवावेत, तिथे खसखशीवर बंदी आहे. सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे भांग किंवा ‘विजया’ असलेली आयुर्वेदिक तेलं आणि गोळ्या. आपल्याकडे चिठ्ठीवर मिळतात, इंडोनेशियात मात्र त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील, तर आधी आम्हाला नावं कळवा. बाकी रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही तिथेच.

विमानात ‘हिंदू मील’ मागवलं तर ते बहुधा मांसाहारी येतं. शाकाहारींनी ‘एशियन व्हेजिटेरियन’, जैनांनी ‘जैन मील’ निदान ४८ तास आधी नोंदवावं. उबुडमध्ये शाकाहार सहज मिळतो, फक्त सांबलमध्ये (तिथल्या मिरचीच्या चटणीत) ‘तेरासी’ आहे का विचारा. ती कोळंबीची आंबवलेली चटणी असते.

फोन जमा होण्याआधी

मौन शिबिरात फोन पहिल्याच दिवशी जमा होतो. नेमक्या त्याच दिवसांत विमानाची वेळ बदलल्याचा संदेश आला, तर तुम्हाला कळणार नाही. म्हणून बुकिंगमध्ये तुमच्याबरोबर घरच्या एका माणसाचाही नंबर टाकतो आणि शिबिराच्या कार्यालयाचा नंबर त्या माणसाकडे देतो. विमानतळावर न्यायला येणारी गाडी शिबिराकडूनच ठरवा, आणि परतीचीही फोन देण्याआधीच सांगून ठेवा. उबुडमध्ये अ‍ॅपवरच्या टॅक्सीला स्थानिक चालकांचा विरोध असतो, ऐन वेळी गाडी मिळेलच असं नाही.